करणबहादूरचं आडनाव

करण,

दीड महिना झाला. मी अजून रडलेले नाही, हे आधी सांगून टाकते. माझं तसंच आहे. आई गेली तेव्हाही मी चौथ्या दिवशी शाळेत हजर होते. तुझी लेक सरिता तेरा दिवस आली नाही. तेरा दिवस मी हजेरीपटात तिच्या नावापुढे फुली मारली. चौदाव्या दिवशी ती आली, आपल्या बाकावर बसली आणि मी तिला बाकीच्यांसारखाच सतराचा पाढा विचारला. तिने न अडखळता म्हटला. मधल्या सुट्टीत पोरं आपसात म्हणत होती, बाई कठोर आहेत. असेन.

तुझ्याबद्दल गावात जे बोलतात ते सगळं खरं आहे. हात चांगला होता, माणूस सरळ होता, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण असं कुणाही गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. मला लिहायचंय ते वेगळं आहे. ते तुला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. तू असताना मी ते तीनदा बोलायला घेतलं आणि तिन्ही वेळा तू मला बोलू दिलं नाहीस. आता तुला अडवता येणार नाही.

तू आलास ते वर्ष अठ्ठ्याण्णव. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती. दाऊदचाचांच्या आंब्याच्या बागेला राखणीसाठी नेपाळी माणसं आधीपासून यायची. ती पूर्वी मुंबईहून एसटीने यायची, त्या वर्षी पहिल्यांदा रत्नागिरी स्टेशनावर उतरली. तू मात्र त्यांच्यात नव्हतास. तू आधी मिरकरवाड्याला एका ट्रॉलरवर तांडेलाच्या हाताखाली खलाशी म्हणून लागला होतास. दोन महिन्यांत बोट सोडून, समुद्राकडे पाठ करून, पायी पायी आमच्या टेकडीवर आलास. मी चाचांच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहत होते. तू अंगणात उभा होतास आणि चाचा विचारत होते, "बोट का सोडलीस?"

तू म्हणालास, "खाली पाणी हलतो, वर जाळी हलतो, आणि तांडेल बोलतो सीधा उभा रहा."

चाचा पोट धरून हसले. "ऱ्हा. हितं झाडां हलत नाय."

बाकीच्या सहा जणांबरोबर तुझी सोय झाली. गोठ्याशेजारच्या खोलीत, एका चुलीवर सातजण. तू सर्वांत शेवटी आलेला, म्हणून स्वयंपाक तुझ्याकडे आला. भात आणि डाळ तू इतकी नीट करायचास की दोन महिन्यांत ती खोली तुझ्या नावाने ओळखली जाऊ लागली. "बहादूरची खोली" म्हणायचे. तसे सगळेच बहादूर होते. धनबहादूर, मानबहादूर, टेकबहादूर. गावाला वेगवेगळी नावं लक्षात ठेवायची गरज वाटली नव्हती. तुला त्याचं काही वाटत नसे. उलट, आता कळतं, ते तुझ्या पथ्यावर पडत होतं.

त्या दिवसांत तू तीन माणसांचं काम करायचास. रात्री राखण, सकाळी फवारणी, दुपारी सातजणांचं रांधणं. झोपायचास कधी ते मला कळलं नाही. एकदा शाळेच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या तुला डुलकी लागली आणि पोरांनी तुझ्या खिशात चिंचा भरल्या. जागा झालास, चिंचा बघितल्यास आणि एक तोंडात टाकलीस. मी विचारलं, "घरी कोण आहे?" तू म्हणालास, "बायको आहे. मुलगी आहे, तीन महिन्याचा." मी म्हटलं, "तीन महिन्यांची." तू म्हणालास, "हां, तिचा." तुझं मराठी असं मीच सुधारलं. शाळा मोठी, आंबा मोठा, झाड मोठं. तू म्हणायचास, आमच्या भाषेत झाडाला हे सगळं नसतं, झाड म्हणजे झाड.

पहिल्या पावसाळ्यात बाकीचे गावी पेरणीला गेले. तू राहिलास, आणि चाचांच्या रोपवाटिकेत तुझे हात पहिल्यांदा कलमाला लागले. रायवळ आंब्याच्या कोयी रुजवलेल्या, त्यांची तांबूस कोवळी रोपं वर आलेली. त्यावर हापूसची काडी पाचर करून बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. चाचांचा जुना माणूस एकदा दाखवून बाजूला झाला. तू दहा बांधल्यास. चाचांनी एक सोडून बघितली, दुसरी सोडून बघितली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, ह्याच्या हातात कायतरी हाय. ह्यानं आधी कायतरी केलाय."

तू पुढची काडी घेतलीस. चाचांचा अंदाज बरोबर होता.

आता ती गोष्ट. दोन हजार एकचा पावसाळा. शेतकी खात्याचं कलम बांधणीचं पाच दिवसांचं शिबिर आमच्या शाळेत भरलं. बारा-पंधरा माणसं होती, त्यात तू आणि धनबहादूर. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं द्यायची होती. माझं अक्षर बरं म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. तू टेबलाजवळ आलास आणि म्हणालास, "बाई, नुसतं बहादूर लिहा."

"बहादूर सगळेच आहेत. तुझं नाव काय?"

"करण."

"आणि आडनाव?"

"राहू द्या."

मी शिक्षिका. नाव अर्धवट राहिलेलं मला चालत नाही. पोर पहिलीत आलं की मी आधी त्याच्याकडून नाव, वडलांचं नाव, आडनाव पाठ करून घेते. मी म्हटलं, "तुझा कागद असेल तो आण. सरकारी प्रमाणपत्र आहे हे, उद्या कामाला येईल." तू गेलास. यायला बराच वेळ लावलास. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नेपाळी नागरिकतेचा दाखला घेऊन आलास. आपली लिपी एकच. मी सहज वाचलं: करणबहादूर कामी.

"कामी म्हणजे काय रे?"

"काही नाही. आडनाव."

मी लिहिलं. तू शाई वाळेपर्यंत तिथेच उभा होतास. मला वाटलं, कौतुकाने बघतोयस.

दुपारी शेतकी खात्याच्या साहेबांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं. तुझं नाव वाचलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पाच दिवसांत तुझा हात सगळ्यांनी पाहिला होता. धनबहादूर तुझ्या शेजारी बसला होता. त्याने दोनदा टाळी वाजवली आणि हात मांडीवर ठेवले. हे मी पाहिलं. पाहिलं आणि त्याचा काहीही अर्थ लावला नाही.

त्या दिवसापासून तुझ्या चुलीवरचा भात कुणी खाल्ला नाही. मला हे तीन आठवड्यांनी कळलं, तेही चाचांकडून. तू खोली सोडून रोपवाटिकेच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेला होतास, आणि मी चाचांना विचारलं, भांडण झालं का? चाचा खुर्चीत बसून आंबोशीचे तुकडे करत होते. मान वर न करता म्हणाले, "भांडन नाय. त्यांच्यात तो खालचा निघाला. कामी म्हंजे लोहार. तीन वर्षं त्याच्या हातचा खाल्ला, आता म्हनतात फसवलान."



माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी तिला वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. आजोबांच्या वेळी आमच्या सगळ्या वाडीने धम्म घेतला आणि ते संपवलं. मी त्या घरातली. हे कसं असतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आणि तुझ्या बाबतीत ते माझ्या पेनने, माझ्या सुवाच्य अक्षरात केलं गेलं होतं. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण तू "राहू द्या" म्हणाला होतास हेही खरं.

मी त्याच संध्याकाळी शेडवर आले. तू काड्या निवडत होतास. मी म्हटलं, "करण, त्या प्रमाणपत्राचं..."

तू म्हणालास, "बाई, त्या खोलीत ढेकूण फार होते. बरं झालं सुटलो. चहा घेणार?"

आणि मी चहा घेतला. ती पहिली वेळ.

त्यानंतर तू जे केलंस ते मी जवळून पाहिलं. तरी बघते, मला ते तटस्थपणे सांगता येतं का. महिनाभर तू कुणाशी बोलला नाहीस. मग एके दिवशी शेडच्या मागे खड्डा खणलास, चिऱ्याचे दगड रचलेस आणि भट्टी केलीस. भंगारातून करवतीची जुनी पाती आणलीस. पहिला चाकू केलास तो वाकडा झाला. तू तो माझ्याकडे आणलास. म्हणालास, "वीस वर्षांचा असताना हे सोडलं होतं. म्हटलं होतं, पुन्हा ऐरणीला हात लावणार नाही. आता लपवायचं काय राहिलंय?"

दुसरा चाकू सरळ झाला. तिसरा इतका बारीक धारेचा झाला की चाचांनी तो स्वतःसाठी ठेवून घेतला. पावस, गोळप अशा गावांहून कलमं बांधणारी माणसं तुझ्याकडे चाकू करून घ्यायला येऊ लागली. आपल्याकडे लोहाराच्या हातचं पाणी पितात, त्यामुळे त्यांना यात बोलण्यासारखं काहीच वाटलं नाही. तू त्यांना लाकडी मूठ हाताच्या मापाने बसवून द्यायचास. आधी पंजा बघायचास, मग मूठ कोरायचास. डावखुऱ्या माणसाला धार उलट्या बाजूला. मी एकदा म्हटलं, एवढं कशाला? तू म्हणालास, "काडी कापताना हात थांबला तर काडी मरते."

दोन हजार तीनमध्ये तू बायकोला, मनसराला, आणि सरिताला घेऊन आलास. तिकडे नेपाळच्या डोंगरात माओवाद्यांची आणि सैन्याची गडबड चालू होती, रस्ते बंद, तरुण माणसांना दोन्हीकडून ओढत होते. दोन वर्षं तुला गावी जाता आलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघा, खोलीत सात जणांत राहिला असता तर बायकोला आणू शकला असता का? तिने कधीतरी माहेरचं आडनाव सांगितलंच असतं. म्हणजे जे झालं ते एका अर्थी बरंच झालं. हे मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणत होते, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तरी मी तुझ्यासमोर ते बोलायला घेतलं. दुसरी वेळ. तू सरिताला खांद्यावर घेऊन उभा होतास. म्हणालास, "बाई, हिला शाळेत कधी घालू?"

शाळेत घालताना आपलं पहिलं खरं भांडण झालं. मी रजिस्टर उघडलं आणि या वेळी विचारलं, "काय लिहू?"

"सरिता करण बहादूर."

मला खरं तर तेवढंच लिहून गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "करण, लपवून किती दिवस? आम्ही लपवत नाही. आम्ही कोण ते सरळ सांगतो. लाज ज्यांनी केलं त्यांना वाटली पाहिजे."

तू खिडकीबाहेर बघितलंस. मग म्हणालास, "तुमच्यात अख्खी वाडी होती, बाई. सगळ्यांनी मिळून सांगितलं. मी एकटा आहे. एकट्याने सांगितलं की ते सांगणं नसतं, पकडलं जाणं असतं."

मी तुझ्या म्हणण्याप्रमाणे लिहिलं. पण वाद तिथे संपला नाही, पुढे वर्षानुवर्षं चालला. मी म्हणायची, एक दिवस सरिता विचारील. तू म्हणायचास, विचारील तेव्हा सांगीन. मी म्हणायची, दुसरं कुणी आधी सांगेल. तू म्हणायचास, तुम्ही नका सांगू म्हणजे झालं. हे म्हणताना तू हसायचास. मला ते हसणं टोचायचं. तुला ते टोचावं असं वाटत होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरं भांडण कुवेतचं. चाचांचा थोरला मुलगा तिकडे आहे. त्याने तुझ्यासाठी एका मोठ्या बागेत काम बघितलं होतं. झाडांचंच काम, व्हिसा तयार. सगळ्या गावाचं मत होतं की तू जावंस. माझंही. इथे ज्याच्या घरातलं कुणी आखातात नाही असं घर शोधावं लागतं. मी तुझ्या शेडमध्ये येऊन तुला पंधरा मिनिटं समजावलं. पाच वर्षं काढ, पक्कं घर होईल, सरिताचं शिक्षण होईल.

तू म्हणालास, "घर सोडून जायला आधी घर लागतं, बाई. ते मला आत्ता कुठे झालंय."

"हे पत्र्याचं?"

"हे पत्र्याचं." मग म्हणालास, "तुमचे साहेब मुंबईहून कधी येणार?"

मी चिडून निघून आले. आठ दिवस बोलले नाही. माझा नवरा मुंबईला नोकरीला, मी इथे. तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि आम्ही वर्षाला मिळून महिनाभर एकत्र राहत होतो. हे मला कुणी विचारत नसे. नोकरीच तशी, असं म्हटलं की विषय संपायचा. तू विचारलंस. मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही. तो अजून मुंबईला आहे आणि मी इथे.

तू मात्र ठरवल्याप्रमाणे राहिलास. राखण सोडलीस. सकाळी उजाडल्यापासून दुपारपर्यंत रोपवाटिका, मग जेवून झोप, मग भट्टी, आणि पाच वाजले की सगळं बंद. चाचा कुरकुर करायचे, "सीझनमदे पाच वाजता हात धुतो, सायब झालाय." तू हसायचास आणि हात धुवायचास. मनसरालाही तू काडी बांधायला शिकवलंस. तिचा हात तुझ्यापेक्षा सावकाश चाले, पण तिची बांधलेली कलमं कमी मरत, आणि हे तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचास. रविवारी तिघं एसटीने भाट्याच्या किनाऱ्याला जायचात. सरिता पाण्यात, मनसरा काठावर आणि तू सुरूच्या झाडाखाली समुद्राकडे पाठ करून. ट्रॉलरवरचे ते दोन महिने तू त्याला कधी माफ केले नाहीस. मी एकदा तुम्हाला तिथे पाहिलं. तू वर्तमानपत्राच्या कागदातले शेंगदाणे खात होतास आणि काहीच करत नव्हतास. अठ्ठ्याण्णव सालचा तो खिशात चिंचा भरलेला माणूस मला आठवला. मी जवळ आले नाही. तुम्हाला बघून परत फिरले.

तिसरी वेळ यंदाची, जूनमधली. मी म्हटलं, "करण, सात वर्षं झाली. मला एकदा बोलू दे." तू चाकूला धार लावत होतास. थांबलास. मला वाटलं, आता ऐकतोस. तू म्हणालास, "बाई, तुम्ही बोलाल, मग मला काहीतरी बोलावं लागेल. मला जे बोलावं लागेल ते खरं असेल की तुमच्यासाठी असेल, मला नाही माहीत. म्हणून राहू द्या."

ते दुसऱ्यांदा "राहू द्या" होतं. या वेळी मी राहू दिलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुला ताप आला. कलमांचा भर, कोयी रुजून वर आलेल्या, वाट बघायला वेळ नव्हता. भिजलेल्या मातीत अनवाणी बसून तू तीन दिवस तापात कलमं बांधलीस. मी म्हटलं डॉक्टरकडे जा. मनसराने म्हटलं. चाचा ओरडले. तू म्हणालास, दोन ओळी राहिल्यात. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी थांबली, तेव्हा चाचांनी रिक्षात घालून रत्नागिरीला नेलं. डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे, उशीर झाला. त्यांनी करायचं ते केलं. सहाव्या दिवशी तू गेलास.

तुला कुठे न्यायचं हा प्रश्न पडला. आपल्याकडे प्रत्येक वाडीचं वेगळं स्मशान. तू कुठल्याच वाडीचा नव्हतास. चाचा हात चोळत अंगणात फिरत होते. त्यांच्या कब्रस्तानात तुला नेता येत नव्हतं. मी बौद्धवाडीत गेले. तिथल्या आप्पांना सांगितलं. ते पंचाहत्तरीचे. त्यांनी तुझी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. एवढंच विचारलं, "चाचांकडं लाकडां सुकी हायत का? पाऊस हाय."

धनबहादूर आणि खोलीतले आणखी चौघं आले. सात वर्षांत ते तुझ्या शेडवर कधी आले नव्हते. धनबहादूर तिरडीला पुढे लागला आणि चढावर खांदा बदलायला कुणी पुढे झालं तर त्याने बदलला नाही, शेवटपर्यंत आपली जागा सोडली नाही. परत आल्यावर मनसराच्या शेजारणीने सगळ्यांना पाणी दिलं. मनसराच्या घागरीतलं. ते पाचहीजण विहिरीवर गेले, स्वतः पाणी काढलं आणि प्याले. धनबहादूरचे डोळे लाल झाले होते. तो रडला होता आणि त्याने पाणी घेतलं नाही. मी दोन्ही पाहिलं. यातलं एक खोटं होतं असं मला म्हणता येत नाही.

तुमच्याकडच्या सुतकाच्या रीतीप्रमाणे तेरा दिवस मनसराने बिनमिठाचं खाल्लं. चौदाव्या दिवशी ती रोपवाटिकेत जाऊन बसली. तुझ्या दोन ओळी राहिल्या होत्या. मी तिच्यासमोर बसले आणि तिला सगळं सांगितलं. टेबल, कागद, तू "राहू द्या" म्हणाला होतास ते, साहेबांनी मोठ्याने वाचलं ते. शेवटी म्हटलं, "मी चुकले, मनसरा. हे मी त्याला म्हणायला हवं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. एक काडी बांधून झाली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

"त्याने तुला सांगितलं नाही?"

"चिठ्ठी यायची. गावचा मास्तर वाचून दाखवायचा. चिठ्ठीत ते लिहायचे, खोलीत सगळे भावासारखे आहेत, माझ्या हातचा भात सगळ्यांना आवडतो, काळजी करू नको." तिने पट्टीची गाठ दाताने ओढली. "दोन वर्षं तसंच लिहिलं. मी इथे येईपर्यंत."

तू शेडमध्ये एकटा राहून ती पत्रं लिहीत होतास. एका पत्र्याखाली बसून सहा भाऊ रचत होतास. 

मी विचारलं, "तुला माझा राग आला?"

ती म्हणाली, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पडवीच्या पायरीशी उभी होती. हातात सरिताची जुनी पाटी. रागाचं काही बोलली नाही. म्हणाली, "मला लिहायला शिकवा. चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची, नाव दुसऱ्याने लिहायचं, हे बस झालं."

तेव्हापासून रोज चार ते पाच ती येते. बोटं कलमाला सरावलेली, त्यामुळे पेन्सिल चाकूसारखी धरते. मी सोडवते, ती पुन्हा तशीच धरते. हे पत्र लेख म्हणून छापायला द्यायचंय, म्हणून लिहायच्या आधी मी तिला विचारलं, तुझं आडनाव यात येईल, चालेल का? ती म्हणाली, "ते असते तर नको म्हणाले असते. घडलंय तेवढं लिहा." तेवढंच लिहिलंय. आपल्या वादाचा निकाल मी लावलेला नाही, करण. तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही आणि माझं मला पहिल्यासारखं पटत नाही.

आज तिने पहिल्यांदा माझ्या अक्षराकडे न बघता पाटीवर "मनसरा" लिहिलं. स थोडा कलला, पण शब्द पूर्ण झाला. पुढची जागा तिने मोकळी ठेवली. एरवी मी लगेच म्हटलं असतं, नाव अर्धवट ठेवू नये. मी गप्प बसले. सरिता बाजूला गृहपाठ करत होती. तिने वाकून पाटीकडे बघितलं.

"आई, पुढे काय लिहायचं?"

मनसराने माझ्याकडे पाहिलं नाही. पाटी मांडीवरून खाली ठेवली आणि सरिताला जवळ ओढलं. म्हणाली, "बस. तुझ्या बापाचं एक सांगायचं राहिलंय."

मी उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.